डाव्या बाजूची दाढ

“काढायचीय ना दाढ?”

दाताच्या दवाखान्यातल्या टेबलामागच्या मोहिनीनं विचारलं, तेही मान वर न करता, रजिस्टरात तारीख टाकता टाकता. विचारण्यात वाईट काही नव्हतं. पोरगी नवी होती, गेल्या खेपेला या खुर्चीवर दुसरंच कोणीतरी होतं. आणि डोंगरातून दोन गाड्या बदलून आळेफाट्याला आलेली बाई, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गठुडं, म्हणजे ही दाढ काढायलाच आलेली, हे तिनं चार दिवसांत ओळखायला शिकून घेतलेलं असणार. पण मंगलच्या छातीत धस्स झालं आणि लगेच त्या धस्स होण्याचा तिला राग आला. वर्षभर ती याच एका शब्दाशी भांडत आली होती. काढ. काढून टाक. काढ एकदाची. “न्हाई,” ती म्हणाली, आणि आवाज जरा मोठाच निघाला, कारण बाकावरचं एक म्हातारं दचकून तिच्याकडं बघायला लागलं. “काढायची न्हाई. ठेवायचीया. वर्साचा फोटू काढायला आलीया मी.” मोहिनीनं तेव्हा कुठं मान वर केली. “एक्स-रे होय? मग तसं सांगायचं ना मावशी. बसा.”

ती बसली. शेजारी रामदास, तिचा नवरा, हातातली टोपी गुडघ्यावर घालून बसलेला. खाली टायरचं दुकान होतं आणि तिथलं नट आवळायचं मशीन दर थोड्या वेळानं घर्रर्र करून उठायचं. मग बाकाच्या लोखंडातून ते थरथरणं तिच्या जबड्यापर्यंत यायचं. तिनं जिभेचं टोक डावीकडं नेलं. खालची मागची दाढ, तिच्यावर बसवलेली गुळगुळीत टोपी. जीभ तिच्याभोवती एकदा फिरली, हिरडीच्या कडेला दाबून बघितलं. दुखत नव्हतं. पण दुखत नव्हतं याचा भरवसा काय? मागच्या खेपेला पाच वर्षं दुखलं नव्हतं, आणि आतल्या आत हाड विरघळत चाललं होतं. न दुखणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचं तिनं तेव्हापासून सोडूनच दिलं होतं. दिवसातून पन्नासदा जीभ तिकडं जायची, झोपेतसुद्धा जात असावी. रामदास म्हणाला, “चहा आणू?” ती म्हणाली, “नको.” माणूस वाईट नव्हता. दुखतं ते काढावं, मोडतं ते बदलावं, एवढा त्याचा सरळ हिशोब. सकाळी गाडीतून ओझर फाट्याची पाटी दिसली तेव्हा त्यानं खिडकीतून हात जोडले आणि बायकोला हसवावं म्हणून म्हणाला, “बघ, इघ्नहराला एकच दात हाय. त्याचं काय आडलं का?” ती फणकारली, “त्यानं त्यो सोताच्या हातानं मोडला. कुनी बाजारात धरून उपटला न्हाई.” पुढच्या सीटवरची बाई खुदकन हसली.

बाजारात धरून. हे शब्द तोंडातून गेले खरे, पण मागं आई सोडून गेले. घोडेगावचा बाजार, पिंपळाखाली सतरंजी, सतरंजीवर काढलेल्या दातांची ओळ मांडून बसलेला माणूस, आणि आई. सखूबाई. मंगल आठ-नऊ वर्षांची असेल. बानं आईचं डोकं आपल्या पोटाशी आवळून धरलेलं, जसं शेळीला औषध पाजताना धरतात, आणि त्या माणसाचा गुडघा आईच्या मांडीवर. आई ओरडली नाही. तिच्या पायाची बोटं मात्र मातीत रुतत गेली, इतकी की नंतर तिथं दोन खळगे पडलेले मंगलनं पाहिले. असं तीनदा की चारदा. चाळिशीत आईचं तोंड मोकळं झालं. मग ती भाकरी कालवणात भिजवायची, बोटांनी चुरायची, हिरड्यांनी चेंगरायची, आणि ते करताना तिचं सगळं तोंड आत ओढलं जायचं, नाक हनुवटीला टेकायला यायचं. एकदा मंगलच्या धाकट्या भावानं तिची नक्कल केली. सगळे हसले. आई पण हसली. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या मागून जेवायला लागली, चुलीशेजारी, भिंतीकडं तोंड करून. मरेपर्यंत ती तशीच जेवली. तिची पाठ तेवढी दिसायची, पातळाखाली हलणारी. आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मंगलला सुद्धा नाही. आईची जेवायची तऱ्हा तशी, म्हणून सोडून दिलं. आता या बाकावर बसून तिला त्याची इतकी लाज वाटली की कान तापले.

तिच्या स्वतःच्या उजव्या बाजूच्या दोन दाढाही अशाच गेल्या. पहिली थोरल्याच्या वेळी, सातवा महिना. गाल सुजला तर सासू कुशाबाई म्हणाली, पोराला बाधंल, काढून टाका. मंगल तिथंच होती, पण बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं होतं, सासूकडून सासऱ्याकडं, सासऱ्याकडून बहिरूकडं. बहिरू पिंपळाखालच्या त्या माणसाचा मुलगा, तीच सतरंजी, तोच चिमटा. दुसरी चार वर्षांनी. तेव्हा तर कुणी कारणही सांगितलं नाही. अरे, दाढ कुणाची? तोंड कुणाचं? एकानं तरी विचारावं ना, मंगल, तुझं काय म्हणणं? हे तेव्हा तिला सुचलंच नव्हतं. ते सुचायला पुढं पंचवीस वर्षं लागली. पण सुचलं ते असं सुचलं की मग ती हटेना.

कारण उजवी बाजू गेल्यावर सगळा संसार डाव्या बाजूवर आला. भाकरी डावीकडं, सुकट डावीकडं, आणि हिरडासुद्धा डावीकडं. चैत्र लागला की डोंगरात सगळी माणसं झाडांवर असतात. बाळहिरडा, म्हणजे कोवळं, करंगळीच्या पेराएवढं फळ, उन्हात वाळवून काळं कुळकुळीत करायचं आणि पोत्यानं खरेदी केंद्रावर घालायचं. पोत्यात वरचा माल वाळलेला आणि तळाचा ओला निघाला तर गोदामातला सगळा ढीग बुरशी धरतो. म्हणून केंद्रावर एक जण लागतो, पारख करणारा. पोत्याच्या तळात खांद्यापर्यंत हात घालायचा, एक हिरडा काढायचा आणि दाढेखाली धरून चावायचा. वाळलेला असेल तर कट्ट करून फुटतो. ओला असेल तर दबतो, वातड लागतो. ही पारख मंगलच्या बाची, त्याच्याकडून तिच्याकडं आलेली. साहेबांनी एक मशीन आणलं होतं, आकडा दाखवणारं, ते कधी दाखवी, कधी नाही. लोक म्हणायचे, मंगलच्या दाताला दाखवा. वीस वर्षं तुरट तोंडानं ती केंद्रावर उभी राहिली, आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्याली की पाणी गोड लागायचं.

आणि तिथंच ती चूक झाली. ही चूक तिनं कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, पहिल्या डॉक्टरला नाही, या डॉक्टरीणबाईला तर नाहीच. साडेसहा वर्षांपूर्वी मंचरच्या डॉक्टरनं हीच दाढ कोरून तिची नस काढली, आत मसाला भरला, वर कच्चा लेप दिला आणि बजावलं, पंधरा दिवसांत टोपी बसवायला या, तोवर या बाजूनं कडक काही नाही. ती हो म्हणाली. चैत्र चालू होता. दहाव्या दिवशी केंद्रावर लंकाबाईचं पोतं आलं. लंकाबाई एकटी बाई, साठीची, झाडावर स्वतः चढणारी. तोलारी म्हणाला, माल ओला, परत न्या. मशीननं काहीतरी तिसरंच दाखवलं. लंकाबाईनं मंगलकडं बघितलं. मंगलनं हात घातला, तळातला हिरडा काढला, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, डावीकडं धरला. कट्ट. “वाळल्याला हाय,” ती म्हणाली, “घ्या तोलून.” पोतं तोललं गेलं. पण तो कट्ट एकट्या हिरड्याचा नव्हता. लेपाचा एक कोपरा जिभेवर आला होता. तिनं तो हिरड्याच्या चोथ्याबरोबर थुंकून टाकला आणि पुढचं पोतं घेतलं. टोपी बसवायला ती गेली ती जेठ सरल्यावर. तेवढ्या दिवसांत त्या फटीतून काय काय आत गेलं असेल, हे तिला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, तेव्हा कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

गेल्या दिवाळीच्या आधी गाल पुन्हा फुगला. मंचरचे डॉक्टर फोटो बघून म्हणाले, मुळाशी पू झालाय, आता काढण्यावाचून गती नाही. रामदास म्हणाला, काढ. लेकानं पुण्याहून फोनवर सांगितलं, आई, काढ आणि मोकळी हो. कुशाबाई अंथरुणातून म्हणाली, आमच्या वक्ताला असली थेरं नव्हती. मंगल त्या रात्री डाव्या गालाखाली हात घेऊन पडली आणि अंधारात आईची पाठ बघत राहिली. सकाळी उठून म्हणाली, “न्हाई काढायची. मपली दाढ हाय. मी ठेवीन.” केंद्रावरच्या कुणीतरी आळेफाट्याच्या कल्याणी डॉक्टरचं नाव सांगितलं. तिथल्याच आण्याच्या पठारावरची मुलगी, दातांच्या मुळांचंच शिकून आलेली. तिनं फोटो उजेडावर धरला, बराच वेळ धरला, आणि विचारलं, “तुम्हाला काय करायचंय, मंगलताई?” मंगलला वाटलं, मागं रामदासला विचारतायत. तिनं वळूनही बघितलं. मग डोळे भरून आले, आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं, दुखतंय.

मग तीन खेपा. जिभेचं लाकूड झालेलं, अर्धं तोंड परक्याचं, आणि त्या परक्या तोंडात घरघर, जुना मसाला उकरून काढण्याची. वास यायचा, जळक्या रबराचा आणि औषधाचा. कल्याणी बोलत राहायची. “नसेच्या तीन वाटा भरल्या होत्या, चौथी राहून गेली होती. बारीक होती, चुकते कधी कधी. पण वरूनही काहीतरी झिरपलंय. कडक काही चावलं होतं का तेव्हा?” तोंडात रबराचा पडदा ताणलेला. मंगलनं मान हलवली. नाही. तिथंच ती खोटं बोलली. आणि शेवटच्या दिवशी नवी टोपी बसवून कल्याणीनं सांगितलं, “दुसऱ्यांदा केलेल्या अशा दहातल्या सात-आठ बऱ्या होतात. तुमची त्यात असेल का, ते आज मी सांगू शकत नाही. हाड भरायला वेळ घेतं. वर्षानं या.” वर्षानं! डोंगरातल्या बाईला कुणी वर्षाचा वायदा देतं का? पण तिनं तो घेतला, आणि वर्षभर ती ती दाढ सांभाळत राहिली.

“मंगलताई, या आत.”

खुर्ची आडवी झाली. फोटो काढताना कल्याणीनं तोंडात पट्टी धरली, टिक झालं, आणि लगेच पडद्यावर तिची दाढ उभी राहिली, राखाडी, दोन मुळांवर. शेजारी मागच्या वर्षाची. तिथं मुळाच्या टोकाशी काळा डाग, वाटाण्याएवढा. आणि आजच्यात? डाग होता. होताच. दारात उभ्या रामदासनं मान लांब करून बघितलं आणि हळूच म्हणाला, “हाय की अजून.”

“आहे,” कल्याणी म्हणाली, “पण बघा ना किती आहे. निम्म्याहून कमी झालाय. ही कड बघा, इथं जाळी दिसतेय, ते नवीन हाड. बरी होतेय.”

“म्हंजी झाली न्हाई,” रामदास म्हणाला.

“होतेय. कुणाला वर्ष लागतं, कुणाला चार. कधी बारीकशी खूण कायमची राहते आणि काही त्रास देत नाही. आणि कधी परत उलटतं, तेही लपवत नाही मी. पण आज ही दाढ काढा म्हणायला माझ्याकडं एकही कारण नाही.”

एकही कारण नाही. मंगलनं ते शब्द तोंडातल्या तोंडात घोळवले. रामदास काहीतरी पुटपुटला, आणखी चार वर्षं का हेलपाटं घालायचं, असं काहीतरी. आडवं पडल्यापडल्याच ती म्हणाली, “तुमचं भात वर्सात येतं. हाडाला टाइम लागतू. तुमाला कंटाळा आला आसंल तर मी येकली यीन.”

कल्याणीनं छोटा आरसा आत घातला, बघितलं, पुन्हा बघितलं. “टोपीवर एक रेघ नाही,” ती म्हणाली. “वर्ष वापरलेली टोपी अशी नसते. तुम्ही जेवता कुठल्या बाजूनं?”

खाली टायरवाल्याचं मशीन घर्रर्र झालं आणि थांबलं.

“पुढच्या दातांनी,” ती शेवटी म्हणाली.

“वर्षभर?”

तेव्हा मग सगळं आलं, पाठोपाठ, थांबवता येईना असं. लंकाबाईचं पोतं, तळातला हिरडा, कट्ट, जिभेवरचा लेपाचा तुकडा, रबरी पडद्यामागून हललेली मान. “मीच केलं ते. मपल्याच दातानं. म्हून भ्या वाटतं. परत काय झालं तर लोकं म्हंतील, सांगत व्हतो तुला.” रामदास दारातून एक पाऊल आत आला. हे त्यालाही नवं होतं. “मंग सांगायचं न्हाई का येड्यावानी?” तो म्हणाला, पण रागानं नाही. कल्याणीनं मास्क खाली केला. ती हसत होती का रागावली होती, खालून कळेना. “तेव्हाच सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “हिरडा वाळलेला होता का पण?” “खडखडीत व्हता.” “बरं. हिरडा यापुढं नाही. ती पारख दुसऱ्या कशानं करा. पण भाकरी? ताई, आपण दोघींनी एवढी झटापट केली ती दाढ देव्हाऱ्यात बसवायला नाही. आज जेवताना या बाजूनं जेवा.”

बाहेर मोहिनी म्हणाली, “पुढची तारीख फोन करून घ्या, मावशी. वर्ष आहे अजून.” मंगल म्हणाली, “आत्ताच लिव्ह.” “एवढ्या लांबचं कोण लिहितं?” “मी लिवती. मंगल रामदास. काढायला न्हाई, बघायला.” मोहिनीनं हसून लिहिलं.

स्टँडवर सगळा धुरळा आणि नाशिककडच्या गाड्यांची गर्दी. मंचरची गाडी लागायला वेळ होता. रामदासनं नेहमीसारखी कडेची जागा धरली आणि मंगल गठुडं घेऊन बसली, भिंतीकडं वळून, आणि पदर पुढं ओढून ते सोडायला लागली. नाचणीच्या भाकऱ्या, ठेचा, भाजलेलं सुकट. तिनं हात लावला तो सवयीनं भाकरीच्या कडेला. वर्षभर ती असंच करत आली होती, कडक कड मोडून रामदासच्या पुढ्यात टाकायची आणि मधलं मऊ आपण चुरून खायचं, सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी. रामदासला वाटायचं, म्हातारपणी बायकोची माया वाढली. समोर पान खाऊन थुंकलेली भिंत होती. मंगल त्या भिंतीकडं बघत राहिली, आणि तिला आपली पाठ दिसली. पातळाखाली हलणारी. आग लागो. दाढ तोंडात ठेवायला सगळ्या घराशी भांडली, आणि जेवत होती ती आईसारखीच, आईच्याच जागेवर! ती उठली. गठुडं उचललं, स्टँडच्या कठड्याला वळसा घालून रस्त्याच्या तोंडाला आली आणि भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसली.

“आगं, तिकडं तोंड कर की,” रामदास म्हणाला, “लोकं बघत्यात.”

“बघू द्या.” तिनं हात पुढं केला. “ती कड द्या इकडं. मपली हाय.”

त्यानं दिली. तिनं ती डाव्या बाजूला धरली. जबडा मिटेना. वर्षभराची भीती तिथं फळी लावून बसली होती, आणि लंकाबाईच्या हिरड्याचा तो कट्ट कानात होता. मग तिनं डोळे उघडे ठेवले, समोरच्या रस्त्यावर, ट्रकवर, शेवचिवड्याच्या गाडीवर, आणि दात मिटले. कड मोडली. आवाज आला तो भाकरीचा. नाचणीचा भाजका वास नाकात चढला, मागून ठेच्याचं तिखट, आणि चावता चावता ती गोडी आली जी चुरलेल्या भाकरीला कधी येत नाही. दुखत नव्हतं. दुखलं असतं तरी आज ती थांबणार नव्हती. तिनं दुसरी कड मोडली.

मंचरची गाडी लागली, माणसं धावली. रामदास उठला. “चल, चल. गाडीत खा.”

“मपली भाकर व्हायचीया,” मंगल म्हणाली.

“पुढची गाडी तासानं हाय!”

ती चावत होती. रामदासनं तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, टोपी डोक्यावर घातली आणि धावत जाऊन दारात पाय ठेवून उभा राहिला. “मास्तर, दोन मिंटं थांबा राव,” तो कंडक्टरला म्हणाला, “आमची मंडळी जेवत्यात.” गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं वाकून बघायला लागली. मंगलनं शेवटचा तुकडा उचलला, त्याला ठेचा लावला आणि सगळ्यांच्या देखत, डाव्या बाजूनं, सावकाश चावून खाल्ला.